अंबाजोगाईच्या आसपासचा अंधार मोजताना : नोव्हेंबर 2024 ते मे 2025 च्या नोंदी

1 नोव्हेंबर 2024, शुक्रवार, अमावस्या

लक्ष्मीपूजन आटोपून शेतात आलो. शेत अंबाजोगाईपासून साधारण दहा किलोमीटरवर, बालाघाटाच्या पठारावर. ठरवलं होतं आजपासून सुरुवात करायची, आभाळ किती काळं राहिलंय ते मोजायचं आणि तालुक्याचा नकाशा करायचा. आज काही झालं नाही. चारी बाजूंनी फटाक्याचा धूर, आणि धुरावर गावागावाचा उजेड सांडलेला. ज्यांना हे करायचंय त्यांनी दिवाळीच्या अमावस्येला सुरुवात करू नका, वर्षातली सगळ्यात वाईट अमावस्या हीच.

का करायचंय ते एकदाच लिहितो. आबा खळ्यावर झोपायचे तेव्हा तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कुठं आलं यावरून रात्र किती उरली ते सांगायचे, आणि म्हातारीची बाज आन तिच्यामागचे तीन चोर, म्हणजे सप्तर्षी, आम्हाला बोटानं दाखवायचे. आता अंबाजोगाईत माझ्या दुकानाच्या गच्चीवरून बाजेचे चार खूर दिसतात, शेवटचा चोर शोधावा लागतो. आकाशगंगा तर नाहीच. पण "पूर्वी लई दिसायचं" असं म्हणून कुणी ऐकत नाही, आकडा लागतो. आपल्याच राज्यात पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं, त्याच्या बातम्या वाचल्या तेव्हा वाटलं की आपल्या भागात काय शिल्लक आहे ते निदान लिहून तरी ठेवू. उद्या हायमास्ट लागले की आधी किती होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

12 नोव्हेंबर

यासाठी तयार मीटर मिळतो, स्काय क्वालिटी मीटर, सगळे एसक्यूएमच म्हणतात. कॅनडाची कंपनी बनवते. लेन्सवाला एसक्यूएम-एल मागवायचा तर कस्टम धरून माझ्या आवाक्याबाहेर जातो. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, सोल्डरिंग हातातलं काम, म्हणून स्वतः बनवायला घेतला.

सामान आणि खर्च असा: नोडएमसीयू बोर्ड 320, टीएसएल2591 हा प्रकाश सेन्सर 850, घड्याळाचं डीएस3231 मॉड्यूल 160, मेमरी कार्डाचं मॉड्यूल 70, 18650 सेल 180, चार्जिंगची पट्टी 40, पीव्हीसी पाईप आणि टोप्या 110, एक छोटी भिंगाची लेन्स 60. एकूण 1790 रुपये. जुनं मेमरी कार्ड घरात होतं.

पहिला सेन्सर मी जाळला. रात्री अकराला झोपेत प्लस-मायनस उलटं जोडलं. 850 गेले आणि दुसरा यायला नऊ दिवस. वायरींना रंग ठरवून घ्या, लाल म्हणजे लाल.

आकड्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा की हा मॅग्निट्यूड प्रति चौरस आर्कसेकंद, म्हणजे आभाळाच्या एका बारीक चौकोनाची तेजस्विता, असा असतो आणि उलटा चालतो, आकडा मोठा तेवढं आभाळ काळं. अगदी नैसर्गिक काळं आभाळ साधारण 22. एक पूर्ण अंक कमी म्हणजे आभाळ अडीचपट उजळ, पाऊण अंक कमी म्हणजे जवळजवळ दुप्पट. दशांशातला फरकसुद्धा सोडून द्यायचा नाही, हे मला उशिरा कळलं.

1 डिसेंबर, रविवार, अमावस्या

मीटरचा खोका तयार. गच्चीवर 18.1. शेतात 18.9. धारूरच्या घाटात गेलो, मोटारसायकलवर थंडीत कुडकुडत, तिथं आकाशगंगा डोळ्यांना स्वच्छ दिसायलीय आणि खोका सांगतोय 18.9. शेतात आणि घाटात एकच आकडा कसा येईल? चुलतभाऊ म्हणाला, तुझा सेन्सर झोपलाय.

घरी येऊन पाईपच्या तोंडावर काळी टोपी घातली, वरून गोधडी टाकली. तरी आकडा 18.9 च्या आसपासच! म्हणजे उजेड खोक्याच्या आतच होता. बोर्डावरचा बारीक निळा एलईडी, कार्ड लिहिताना लुकलुकणारा, आणि चार्जिंगच्या पट्टीवरचा लाल. बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही, पण सेन्सर सगळ्यात जास्त गेनवर, म्हणजे 9876 पटीवर ठेवलेला असतो, त्याला तेवढंही पुष्कळ.

दोन्ही एलईडी उपटून टाकले. सेन्सर वेगळ्या पाईपात घेतला आणि पाईपला आतून काळा मॅट कागद लावला. चकचकीत काळा रंग चालत नाही, तिरका उजेड त्यावरून घरंगळत आत येतो. आता टोपी घातली की सेन्सरची उजेडाची गणती जवळपास शून्यावर जाते.

एक महिन्याची अमावस्या फुकट गेली. ही टोपीची चाचणी मी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत करू शकलो असतो.

22 डिसेंबर, रविवार

छत्रपती संभाजीनगरचे एक आकाशनिरीक्षक मित्र त्यांचा एसक्यूएम-एल घेऊन आले, दोन दिवसांसाठी. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार होता म्हणून संध्याकाळ मोकळी मिळाली. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून मोजलं.

गावात गच्चीवर त्यांचा 18.55, माझा 18.20. शेतात त्यांचा 21.18, माझा 20.43.

मी आनंदानं म्हणलं फरक मिळवून टाकू, झालं काम. ते म्हणाले थांबा, गावात फरक 0.35 आणि शेतात 0.75, म्हणजे एक ठराविक आकडा मिळवून भागणार नाही, अंधार वाढला तशी चूक वाढायलीय. कारण त्यांनीच सांगितलं. आभाळ स्वतःही थोडं चमकत असतं, वातावरणाच्या वरच्या थरातली चमक, आणि तिचा बराच भाग डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असतो. त्यांच्या यंत्रात इन्फ्रारेड अडवणारी काच असते. माझ्या सेन्सरला दोन चॅनेल आहेत, एकात सगळं आणि एकात फक्त इन्फ्रारेड, मी वजाबाकी करत होतो, पण एवढ्या कमी उजेडात दोन्ही गणत्या इतक्या लहान की वजाबाकीत नुसता गोंधळ उरतो.

इलाज दुकानातच होता. बिघडलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात लेन्समागं इन्फ्रारेड अडवणारी छोटी काच असते. भंगारातला एक कॅमेरा फोडला, काच काढली, सेन्सरवर काळ्या सिलिकॉननं बसवली. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मोजलं: गच्चीवर माझा 18.49 त्यांचा 18.55, शेतात माझा 21.11 त्यांचा 21.17. दोन्हीकडं 0.06 चा फरक, तो कोडमध्ये मिळवला. शिवाय एका वाचनावर भरवसा न ठेवता वीस वाचनांची सरासरी घ्यायला लावली.

ज्यांच्याकडं मीटर आहे अशा माणसाला आधी शोधा. तुलना केल्याशिवाय घरगुती खोक्याचे आकडे कुणाला दाखवू नयेत, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

30 डिसेंबर, सोमवार, येळवस

आज वेळ अमावस्या, म्हणजे अख्खं घर शेतात. कडब्याची कोप केली, पांडव मांडले, भज्जी आणि आंबिल पोटभर. रात्री शेतातच थांबायचं ठरलं होतं त्यामुळं खोका सलग लावून ठेवायची संधी मिळाली. सूर्य मावळून सव्वा तास व्हायला लागतो खरा अंधार पडायला, सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेला पाहिजे, म्हणून सव्वासातच्या आधीचं काही धरायचं नाही.

पहिली गडबड हेंडग्याची, म्हणजे पेटवून शेतात फिरवायच्या पेंढीची. संध्याकाळी सगळ्या शिवारात हेंडगे फिरले, धूर खाली बसून राहिला, साडेसातला आकडा 20.7. नऊपर्यंत धूर निवळला, 21.19. मी खूश.

मग साडेनऊनंतर आकडा घसरायला लागला. दहाला 20.9. साडेदहाला 20.61. मी उठून शिवारभर नजर फिरवली, कुणी फोकस लावलाय का, कुठं जनरेटर आहे का. बांधावरून फिरत शेजारच्या शिवारापर्यंत जाऊन आलो, सगळीकडं चुलीतली राख सुद्धा विझलेली. परत आलो तर आकडा परत वर चढायलाय. सव्वाअकराला 21.1, बाराला 21.22.

म्हणजे कुणीतरी बरोबर दीड तास कुठंतरी दिवा लावला आणि विझवला. आख्खी रात्र डोक्यात तेच. आई म्हणाली झोप बाबा, सणाचं.

31 डिसेंबर

सापडलं. दिवा होता, पण आभाळात.

गुरू. सात डिसेंबरला त्याची प्रतियुती झाली, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर आला, त्यामुळं सध्या भरात आहे, प्रत (मॅग्निट्यूड) उणे 2.7 च्या आसपास. वृषभेत आहे आणि काल साडेदहाच्या सुमाराला आमच्या अगदी डोक्यावरून गेला, खमध्यापासून तीनेक अंशावरून. माझ्या लेन्सचा कोन साधारण 20 अंशांचा, म्हणजे गुरू सरळ नळीच्या मधोमध.

एका ग्रहानं एवढा फरक पडतो का म्हणून हिशोब केला. 20 अंशाच्या वर्तुळातल्या आमच्या आभाळाचा सगळा उजेड गोळा केला तर त्याची प्रत साधारण उणे 2.8 भरते. म्हणजे गुरू एकटा जवळपास त्या सगळ्या तुकड्याएवढा! हवेत थोडा उजेड कमी होतो आणि गुरू अगदी मध्यावर नव्हता, तेवढं वजा केलं तर अर्ध्या अंकाहून थोडा जास्त फरक यायला पाहिजे. काल आला 0.6.

हे आमच्या अक्षांशाचं दुखणं आहे. युरोपातल्या लोकांच्या सूचना वाचून आपण काम करतो, त्यांच्या डोक्यावरून ग्रह कधीच जात नाहीत. आपण 18-19 अंश उत्तरेला, ग्रहांची वाट इथं डोक्यावरून जाते. तेव्हा मराठवाड्यात लेन्सवाल्या यंत्रानं मोजणाऱ्यांनी आधी फोनवर आभाळाचं ॲप उघडून डोक्यावर काय आहे ते बघायचं, मगच मोजायचं.

29 जानेवारी 2025, बुधवार, अमावस्या

नकाशाच्या फेऱ्या. 26 पासून आज रात्रीपर्यंत चार रात्री, 34 ठिकाणं. अंबाजोगाई, मुकुंदराजांच्या समाधीकडचा भाग, बर्दापूर, घाटनांदूर, परळीचा रस्ता, आडस, धारूरचा घाट, केजच्या अलीकडपर्यंत. पेट्रोल 1400 रुपये.

वेळ ठरवताना दोन गोष्टी बघितल्या. संध्याकाळी गुरू डोक्यावर, रात्री साडेअकराला मंगळ, तोही 16 जानेवारीला प्रतियुतीत आलेला. मधल्या वेळात पुन्हा हिवाळ्यातल्या आकाशगंगेचा पट्टा. म्हणून पाऊण वाजल्यानंतरच मोजायचं. दुसरं म्हणजे रात्रीच्या उजेडाची चित्रं घेणारे व्हीआयआयआरएस यंत्राचे उपग्रह साधारण दीडच्या सुमाराला जातात, त्यांच्याशी ताडून बघायला हीच वेळ बरी. तोटा असा की संध्याकाळी दुकानांच्या पाट्या चालू असताना जे असतं ते यात येत नाही. तो वेगळा नकाशा करावा लागेल.

चुका: नवीन मोटारसायकलींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाईट बंद करता येत नाही. पहिल्या दोन ठिकाणी मी इंजिन चालू ठेवूनच मोजलं, पुढं पळाटीचा भारा होता त्यावरून उजेड परत आला, दोन्ही वाचनं टाकून दिली. इंजिन बंद, पाच मिनिटं थांबायचं, लेन्सवर फडकं फिरवायचं, मग मोजायचं. दव पडतं, पहाटे तीननंतर लेन्स धुरकट होते आणि आकडा खोटा सुधारतो, जास्त काळं दाखवतो. हे फसवं आहे कारण चांगला आकडा आला की माणूस तपासत नाही.

माणसांचं म्हणाल तर, रात्री एकला माळावर दोन माणसं नळी घेऊन उभी दिसली की गुप्तधन हुडकायला आलेत असंच वाटतं. त्यातून मागच्या पावसाळ्यात आपल्याकडं रात्रीच्या ड्रोनच्या अफवांनी गावंच्या गावं जागी होती, ती भीती अजून गेली नाही. आडसच्या पुढं पाच-सहा जण काठ्या घेऊन आले. "काय करायलाव इथं?" मी खोका उघडून दाखवला, आकडा दाखवला, चुलतभावानं त्यांना बाज आणि तीन चोर दाखवले. एक म्हातारबाबा म्हणाले, "आरं हे मोजून काय मिळतंय?" म्हणलं, "बाबा, तुमच्या लेकराला दाखवायला राहावं म्हणून." मग त्यांनीच आम्हाला मळ्यावरचा अंधाराचा कोपरा दाखवला, तो आमच्या यादीतला 19 नंबर. त्यानंतर प्रत्येक गावात दिवसाच पोलीस पाटलांना सांगून ठेवायला लागलो. हे पहिल्या दिवशीच करायचं.

आजची खरी कमाई वेगळीच. शेताजवळ एक वाजून पन्नासला मोजत असताना लाईट गेली. गावची, आणि आजूबाजूच्या तीन-चार गावांची. हरभऱ्याला पाणी देत असलेले शेजारचे तात्या मोटर बंद पडली म्हणून बांधावर येऊन बसले, शिव्या देत, शेतीची लाईट रात्रीचीच मिळते म्हणून बिचारे थंडीत जागे. आणि माझा खोका 21.25 वरून 21.45 वर गेला. लाईट आली तेव्हा परत 21.26. तात्यांना म्हणलं तुमचं नुकसान झालं पण माझं काम झालं. फरक 0.2, म्हणजे आमच्या डोक्यावरच्या उजेडातला साधारण सहावा हिस्सा एवढ्या चार गावांच्या दिव्यांचा. मला वाटत होतं सगळा दोष लांबच्या शहरांचा आहे.

9 फेब्रुवारी

नकाशा भरायला बसलो आणि 34 च्या 34 ठिकाणं माझ्या घराच्या छपरावर येऊन बसली. दोन संध्याकाळी घालवल्या. कारण: फोनमधला प्रवासाचा जीपीएक्स ट्रॅक वेळ ग्रिनिचची लिहितो आणि खोक्यातलं घड्याळ आपल्या वेळेवर. साडेपाच तासांची तफावत. खोका रात्री एकची जागा शोधत होता, आणि ट्रॅकमध्ये त्या वेळेला मी सकाळी घरी दात घासत होतो. एका ओळीत दुरुस्त झालं. तरी वहीत प्रत्येक ठिकाणी नंबर, वेळ आणि गावाचं नाव हातानं लिहिलं होतं म्हणून ताडून बघता आलं.

16 फेब्रुवारी

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या बिंदूंमधली जागा रंगानं भरून काढली, तो पर्याय तयारच असतो. फार सुंदर दिसला नकाशा, आणि चुकीचा. प्रत्येक बिंदूभोवती बैलाच्या डोळ्यासारखी गोल वर्तुळं. जिथं आम्ही गेलोच नाही तिथंही रंग. धारूर आणि केजच्या मधल्या डोंगरात आमचा एकही बिंदू नाही, तरी तिथं छान गडद निळा पट्टा. कुणी तो बघून तिथं रात्र काढायला गेला आणि पलीकडं एखादा कारखाना निघाला तर?

रंग काढून टाकले. आता फक्त 34 ठिपके, प्रत्येकाला त्याचा आकडा. कमी देखणा आहे पण जेवढं मोजलं तेवढंच बोलतो. सगळ्यात काळा धारूर घाटात, 21.58. सगळ्यात उजळ अंबाजोगाईत बसस्थानकाजवळ, 18.42.

खाली उपग्रहाचं चित्र टाकून बघितलं. बरंच जुळतं. ऊस गाळपाच्या दिवसांत साखर कारखाने तर उपग्रहाला छोट्या शहरासारखे दिसतात. पण दोन गावं अशी निघाली की उपग्रहावर मंद आणि आमच्या आकड्यात मात्र उजळ. दोन्ही ठिकाणी जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावलेत. व्हीआयआयआरएसचा रात्रीचा कॅमेरा साधारण 500 ते 900 नॅनोमीटरच बघतो, पांढऱ्या एलईडीतला निळा भाग त्याला दिसतच नाही, आणि आभाळात पसरतो तो निळाच जास्त. जगभरातल्या लोकांनी डोळ्यांनी तारे बघून पाठवलेल्या नोंदींवरून 2023 मध्ये एक अभ्यास आला, त्यात आभाळाचा उजेड 2011 ते 2022 मध्ये वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढल्याचं निघालं, उपग्रहांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त. ते वाचलं होतं, पण आपल्या दोन ओळखीच्या गावांत तेच दिसलं तेव्हा पटलं. जमिनीवरून मोजणं म्हणूनच सोडायचं नाही.

28 फेब्रुवारी, शुक्रवार, अमावस्या

आज क्षितिजाकडचा उजेड मोजायचा होता, खोका तिरका धरून आठ दिशांना. ईशान्येला परळी, आग्नेयेच्या अंगाला लातूर, हे शहरांच्या उजेडाचे ओळखीचे घुमट. महाशिवरात्र 26 लाच झाली, परळीत वैजनाथाची यात्रा, त्यामुळं ईशान्येचा आकडा आज नेहमीचा म्हणून धरला नाही, पुढच्या महिन्यात परत घेणार.

पश्चिमेला मात्र मी फसलो. पावणेआठला मावळतीकडं मोठा उभा उजेड, खाली रुंद वर निमुळता. वहीत लिहून टाकलं "केज किंवा बीडचा घुमट, फार मोठा". तासाभरानं बघतो तर उजेड खाली सरकलेला, नऊच्या पुढं जवळजवळ गेलेला. शहर काय मावळतं का! शुक्राच्या अंगावरून गुरूकडं चढत गेलेला तो राशिचक्रीय प्रकाश होता, ग्रहांच्या पातळीतल्या धुळीवरून येणारं सूर्याचं ऊन. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी आपल्याकडून चांगला दिसतो. आयुष्यात पहिल्यांदा ओळखून बघितला. ओळ खोडली आणि दोघं बराच वेळ नुसतेच बसलो.

आणखी एक, आठला डोक्यावर हिवाळी आकाशगंगा होती तेव्हा 21.08 आणि साडेअकराला मघा डोक्यावर आल्या तेव्हा 21.24. यातला काही भाग गावचे दिवे बंद झाल्याचा आणि काही आकाशगंगेचा. वेगळा करता आला नाही. तुलना करायची तर तेच नक्षत्र डोक्यावर असताना करायची.

28 मार्च, शुक्रवार

गावात चौकात हायमास्ट लागला. आठवडा झाला. शेतापासून चारशे मीटर. साडेनऊला आकडा 20.84, एरवी या वेळेला 21.2 च्या आसपास असतो. रागानं लगेच सरपंचांकडं निघालो होतो, चुलतभावानं अडवलं, आधी खात्री कर म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. हायमास्टचा उजेड सरळ पाईपच्या तोंडावर तिरका पडत होता. गावाच्या बाजूनं पत्रा आडवा उभा केला, नळी सावलीत आणली, आकडा 21.09. म्हणजे 0.25 माझ्या मांडणीचा दोष आणि आभाळ खरोखर उजळलं ते दशांशभर. मी 20.84 घेऊन गेलो असतो आणि कुणी तपासलं असतं तर पुढं माझ्या एकाही आकड्यावर विश्वास राहिला नसता.

29 मार्च, शनिवार, अमावस्या

सरपंच काकांकडं गेलो. आकडे सांगितले नाहीत, गच्चीवर नेलं. हायमास्टचे चारही फोकस जवळपास आडवे बसवलेले, चौकात सावल्या आणि उजेड शेतात, लोकांच्या अंगणात. काका म्हणाले, "बाया-माणसांना रात्री उजेड पाहिजे, बंद करा म्हणशील तर जमणार नाही." बंद करा म्हणतच नव्हतो, खाली बघायला लावा एवढंच. चौकातला उजेड उलट वाढेल हे मोबाईलच्या लाईटनं जमिनीवर दाखवलं, आडवा धरून आणि मग खाली वळवून. समोरच्या घरच्या काकू म्हणाल्या, "वळवा बरं, रात्रभर डोळ्यावर येतंय."

वायरमन दादांनी दुपारी तासाभरात चारही फोकस खाली वळवले, दोन बोल्ट सैल करायचं काम. उद्या पाडवा, तेवढ्यात झालं म्हणून बरं. खर्च चहापाण्याचा.

रात्री साडेनऊला, पत्रा लावून: 21.17. चौकात वर्तमानपत्र वाचता येतंय.

26 एप्रिल

धूळ. आभाळ निरभ्र दिसतं पण तारे खाली विझलेले. शेतात 20.9. दिवे तेवढेच आहेत, हवाच जड. एप्रिलचे आकडे नकाशात घ्यायचे नाहीत, नोव्हेंबर ते मार्च एवढाच आपला हंगाम. परळीची ईशान्य दिशा याच कारणानं राहून गेली.

26 मे, सोमवार

उद्या अमावस्या पण उपयोग नाही, यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. खोका घरात आणायला शेतात गेलो होतो, ढग गच्च. सहज लावून बघितलं.

संध्याकाळी गच्चीवर ढगाखाली 17.2 आला होता, एरवी 18.5 असतो, गावचा सगळा उजेड ढगांवरून परत खाली. शेतात आठ वाजता 20.5, अंबाजोगाईच्या बाजूचे ढग नारिंगी. मग वारं सुटलं आणि लाईट गेली, यावेळी लांबपर्यंत, चारी दिशांना एक ठिपका राहिला नाही. ढगामुळं ताराही नाही. खोका 22.6 वर जाऊन डगमगायला लागला, त्याच्यापुढं त्याला मोजता येत नाही. हात डोळ्यासमोर धरला तर दिसेना. आबा असं आभाळ म्हणजे रोजचंच म्हणले असते.

हा आकडा नकाशात नाही, ढगाळ रात्र मोजायची नसते. वहीत लिहिलाय.

खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, सेल काढून ठेवला. दिवाळी झाली की धारूर-केजमधल्या डोंगरातले बिंदू आणि परळीची दिशा आधी घ्यायची. संध्याकाळचा नकाशा त्यानंतर.